दादांच्या कानाचं अर्जप्रकरण

इंग्रजीत पत्र लिहावं तर मीच! हे मी नाही, आमचं अख्खं ऑफिस म्हणायचं. निदान मी हेडक्लार्क होतो तोवर तरी.

त्यामुळे दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नवं कानाचं मशीन कुकरसारखं शिट्ट्या मारू लागलं, तेव्हा मी बाह्या सरसावल्या. प्रकरण गंभीर होतं. दर रविवारी त्यांच्या बहिणीचा, आमच्या आत्याचा, फोन येतो. त्या रविवारी ती बाथरूममध्ये पडल्याचं सांगत होती आणि दादा म्हणत होते, "वा वा! छान झालं!" आत्याने फोन आपटला तो आपटलाच. तेव्हापासून दादा फोनशेजारून हलेनात.

"सरळ लिहा, मशीन बिघडलंय, बदलून द्या," बायको म्हणाली.

"असं धाडकन? अगं, इंग्रजी आहे ते! अदबीने घ्यावं लागतं."

मी अदबीने घेतलं. आधी मशीनच्या कंपनीतल्या साहेबांच्या प्रकृतीची चौकशी. मग कंपनीची कीर्ती. मग असं मशीन आमच्या घरी आलं हे आमचं केवढं भाग्य! अगदी तळाशी, सवडीने जमल्यास शिट्टीकडे लक्ष द्यावं, ही नम्र विनंती. वाचून माझेच डोळे भरून आले.

कंपनीचं उत्तर आलं. सोबत 'समाधानी ग्राहक' असं प्रशस्तिपत्र!

"आणि शिट्टी?" बायकोने विचारलं.

मी दुसरं पत्र लिहिलं. पण प्रशस्तिपत्राचे आभार नकोत मानायला? ते मानता मानता शिट्टीला जागाच उरली नाही.

या वेळी थेट फोटोग्राफर आला! दादांचा हसरा चेहरा जाहिरातीत झळकणार होता.

"आजोबा, हसा!" तो ओरडला. मशीनने शिट्टी मारली. दादा उठून गॅस बंद करायला गेले.

"अहो, मशीन बिघडलंय!" बायको म्हणाली.

"मी फक्त फोटो काढतो," तो म्हणाला.

हा काय तमाशा, असं दादांनी खुणेने विचारलं. बायकोने माझ्या पत्रांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. दादांनी आयुष्यभर गॅरेज चालवलं. गाडीला काय झालंय ते न सांगता पाल्हाळ लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच पिटाळत.

"गाडी ढकलत आणलीस तरी तू आधी रंगाचं कौतुक सांगशील!" ते माझ्यावर खेकसले आणि कागद ओढून इंग्रजीत लिहू लागले. मशीन शिट्टी मारतं. बहिणीचं बोलणं ऐकू येत नाही. बदलून द्या. खाली सही.

बस्स! मी बघतच राहिलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला. इंग्रजीत असंही बोलता येतं? आणि ते बहिणीचं वाक्य! एवढी पानं खरडली मी, पण आत्या त्यात कुठेच नव्हती.

आठवडाभरात नवं मशीन दारात. दादांनी स्वतः फोन लावला. "कुठे लागलं गं तुला?" एवढंच म्हणाले आणि पलीकडून आत्याचं जे सुरू झालं, ते तासभर थांबलं नाही. दाराआड उभं राहून मी ऐकत होतो, मला कुणी हलवू शकलं नसतं.

त्या भरात मी कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं आणि दादांना मोठ्याने वाचून दाखवायला बसलो. पहिला परिच्छेद त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. दुसऱ्याला मशीन हळूच कानातून काढलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "हं, चालू दे तुझं."