हरवलेली दाढेची कॅप

शुगर आम्हां नवरा-बायकोला एकाच वर्षी निघाली. पण कंट्रोल कसा असतो ते माझ्याकडनं शिकावं. माझी साखर कायम एकशे बाराच्या आसपास. मंगळवार पेठेत मी चारचौघांत सांगायचो, "पुरुषाला शिस्त असती. बायका चाखत-चाखत स्वयंपाक करतात."

गेल्या सोमवारी सकाळी माझ्या दाढेची कॅप निघून पडली. मी घर डोक्यावर घेतलं. बायकोनं, शिवलीलानं, आधी माझी गोळी हातावर ठेवली, भाकरी वाढली, मग शोधाला लागली. पलंगाखाली, मोरीत, पिठाच्या डब्यातसुद्धा. माझा संशय शेजारच्या केरबाच्या कोंबड्यावर. दुपारभर मी त्याच्यावर पाळत ठेवून बसलो.

केरबा म्हणाला, "प्रभुलिंगअण्णा, उद्या सकाळपतोर थांबा. गिळली असली तर येईल की भाईर."

संध्याकाळी शिवलीलानं पायातली स्लीपर काढली आणि कॅप टणकन फरशीवर पडली. तिच्या तळव्याला खड्डा पडलेला, रक्त साकळलेलं.

"अगं, दिवसभर ह्याच्यावर चालत होतीस?"

"व्हय? मला काय कळलंच न्हाई की."

कॅप तिथंच टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर शांभवीनं नायलॉनचा बारीक, ताठ दोरा तळव्याला टोचत विचारलं, "काकू, कळलं की सांगा." शिवलीला गप्पच. साखर निघाली दोनशे नव्वद.

"काका, तुमची गोळी कोण देतं?"

"ही."

"पथ्याचं कोण बघतं? फिरायला कोण पाठवतं?"

"हीच."

"आणि काकूंचं?"

शिवलीलाच म्हणाली, "ह्यांचं सगळं आवरंस्तोवर माझी गोळी राहती कवाकवा."

"शुगरनं पाय बधिर झालाय. हे पायाचं दुखणं खरं तर पुरुषांना जास्त," डॉक्टर म्हणाली. "त्यातही काकूंनी तुम्हांला मागं टाकलं. आणि शुगरनं बाईच्या हृदयाचा धोका पुरुषापेक्षा जास्त वाढतो. उद्या तेही तपासू. रोज दोन्ही पावलं नीट बघत जा."

हृदय ठीक निघालं.

आता तिची गोळी आधी, मग माझी. रोज उजेड असतानाच मी दारातल्या पायरीवर बसतो, चष्मा लावून तिचं पाऊल मांडीवर घेतो आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासतो. काल समोरच्या तानाबाई थबकल्या.

"अगं बया, भाऊजींनी पाय धरलेत! माफ केलंस का न्हाई?"

शिवलीला पाय न हलवता म्हणाली, "अजून न्हाई. दुसरा पाय ऱ्हायलाय."