इंजिनाचा कोंडलेला श्वास

थर्मन बीसलीने एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, न्याहारीची मऊ, पावासारखी बिस्किटे ग्रेव्हीत बुडवता बुडवता, ठरवले की यंदा रॉयसला चढणीवर पुढे जाऊ द्यायचे नाही.

रॉयस हा त्याच्या बायकोचा, म्हणजे नेल्डाचा, धाकटा भाऊ. दर वर्षी मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुटीला दोघे आपापल्या पिकअपला आपापला ट्रेलर जोडून तळ्यावर मासे धरायला जात. वाटेत मिल क्रीकची तीन मैलांची चढण लागे. गेली अकरा वर्षे त्या चढणीच्या बरोबर मध्यावर रॉयस मागून येई, शेजारून जाई आणि जाता जाता स्टीअरिंगवरची दोन बोटे उचलून सलाम करी. चारही बोटे उचलली असती तरी थर्मनने सहन केले असते. दोनच बोटे म्हणजे, "तुझ्यासाठी एवढी पुरेत."

"गाडीला थंड हवा हवी," थर्मन म्हणाला.

"गाडीचा एसी चालू आहे," नेल्डा म्हणाली. "बंद आहे तो आपल्या बेडरूममधला."

"माणसांना नाही गं, इंजिनाला. श्वास कोंडतो त्याचा."

"रात्रभर घोरतोस तू, आणि श्वास इंजिनाचा कोंडतो?"

मग त्याने समजावून सांगितले. (त्याला स्वतःला आदल्याच आठवड्यात कळले होते, पण ते सांगायची गरज नव्हती.) इंजिन हवा आत घेते ती एका काळ्या डब्यातून. डब्यात कागदी फिल्टर असतो. जाणती माणसे हा डबा काढून टाकतात आणि त्या जागी एक जाड नळी आणि शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर बसवतात. त्याला इनटेक म्हणतात. बाहेरची गार हवा भरभरून आत जाते आणि गाडी वाघासारखी चढण चढते.

"रॉयसनं बसवलाय का असला?"

"बसवलाच असणार. अकरा वर्षं काय तो उगाच पुढे जातोय?"

थर्मनने एकतीस वर्षे काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये जमिनीच्या नोंदी सांभाळल्या होत्या. एवढ्या काळात त्याच्या हातून एकही शिक्का तिरका पडला नव्हता, याचे कारण शिक्का मारण्याआधी तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसे. इनटेक निवडण्याचे काम त्याने त्याच पद्धतीने हाती घेतले.

आधी तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. काउंटरवर लॉनी होता. तिथे तो इतकी वर्षे उभा होता की काउंटरची कड त्याच्या पोटाच्या आकाराने झिजली होती.

"उघडा हवा की डब्यातला?" लॉनीने विचारले.

"फरक काय?"

"उघडा आवाज जास्त करतो, मिस्टर थर्मन. डब्यातला हवा गार ठेवतो."

"मला दोन्ही हवं."

"दोन्ही सगळ्यांनाच हवं असतं. बरं, तेलाचा की कोरडा?"

"म्हणजे?"

"तेलाचा धुवायचा, तेल लावून परत घालायचा. तेल जास्त झालं तर इंजिनाला ठसका लागतो. कोरडा नुसता आपटायचा. जुना फिल्टर कधी बदलला होता?"

"जुन्याचं काय घेऊन बसलास? नवा दाखव."

लॉनीने नवे दाखवले. चौदा प्रकार होते. थर्मन चौदा माहितीपत्रके घेऊन घरी आला.

मापे घ्यायची म्हणून त्याने गाडीतला काळा डबा काढला. नेल्डाच्या शिवणाच्या फितीने तो लांब, रुंद, उंच असा मोजला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजनही केले. वजन गाडीच्या माहितीपुस्तकात दिले होते त्यापेक्षा चांगले पाऊण किलो जास्त भरले. "पूर्वीच्या वस्तू अशा भरभक्कम असायच्या," असे म्हणत त्याने डबा कौतुकाने गॅरेजच्या फळीवर ठेवून दिला. गाडी आता गॅरेजच्या उघड्या छपराखाली उभी होती आणि डब्याच्या जागी तिच्या पोटात एक ऐसपैस खड्डा होता.

मग त्याने तक्ता आखला. अकरा रकाने. आवाज, गारवा, धूळ, तेल, नळीचा रंग (हा रकाना का, हे त्याला सांगता आले नसते). न जमलेले तक्ते तो फाडून गॅरेजच्या टोपलीत टाकी. नाक्यावरच्या हॉटेलात सकाळच्या कॉफीला बसणाऱ्या मित्रांचे मत घेतले, तेव्हा एक म्हणाला तेलाचाच घे, दुसरा म्हणाला तेलाचा मेलास तरी घेऊ नकोस, आणि तिसऱ्याने विचारले, "मुळात तुझी गाडी कुठली?" टोपली भरली. एप्रिल संपला.

"ठरलं का?" नेल्डा रोज विचारी.

"दोनावर आलोय."

"काल एकावर आला होतास."

"काल रात्री एक नवीन निघाला."

शेवटी त्याने डब्यातला, कोरडा, काळ्या नळीचा मागवला. मेच्या पहिल्या आठवड्यात पार्सल आले. थर्मनने आधी रॉयसला फोन केला.

"यंदा आरसा पुसून ठेव," तो म्हणाला.

"कशाला रे, म्हाताऱ्या?"

"मागून कोण येतंय ते दिसायला."

फोन ठेवून, पान्यांची पेटी घेऊन, शीळ घालत त्याने बॉनेट उघडले. आतून काहीतरी तपकिरी त्याच्या कानाजवळून भुर्रकन गेले आणि समोरच्या कुंपणावर बसून त्याला शिव्या देऊ लागले.

"नेल्डा!"

नेल्डा आली. ती गावच्या पक्षीमित्र मंडळाची चिटणीस होती आणि हे थर्मन त्या क्षणापर्यंत तिचा निरुपद्रवी छंद समजत होता. तिने खड्ड्यात डोकावून पाहिले. शेवाळ, पालापाचोळा आणि पिसे यांचे गोल घुमटदार घरटे, आणि त्यात ठिपक्या-ठिपक्यांची पाच अंडी.

"रेन पाखरू आहे!" ती कुजबुजली. "किती गोड! आणि हे अस्तर बघ."

थर्मनने पाहिले. अस्तर कागदाच्या पट्ट्यांचे होते. एका पट्टीवर त्याच्याच अक्षरात "कोरडा?" असे लिहिलेले होते.

"हे घरटं जरा दोन फूट डावीकडे..."

"हात लावशील तर बघ! देशी पाखराचं अंड्यांसकट घरटं हलवता येत नाही. कायदा आहे."

"माझ्याच गाडीत?"

"तू एकतीस वर्षं कोर्टहाउसमध्ये होतास ना?"

"जमिनीच्या कागदांत होतो. पाखरांच्या नाही."

"मग जमिनीचं सांग. जागा मोकळी टाकली होती कोणी?"

"मी."

"राहतंय कोण?"

थर्मनने कुंपणाकडे पाहिले. शेपूट उभारून ते मूठभर पाखरू अजून बोलत होते. "ताबा तिचा आहे," तो म्हणाला. एकतीस वर्षांच्या नोकरीला स्मरून दुसरे काही म्हणणे त्याला शक्य नव्हते.

"किती दिवस?" त्याने विचारले.

"दोन आठवडे उबवायला, दोन आठवडे उडायला. जूनच उजाडेल."

मेमोरियल डेला तीन आठवडे होते.

पहिले दोन दिवस थर्मन गॅरेजकडे फिरकला नाही. (नेल्डाने हे मंडळाच्या बैठकीत समाधानाने सांगितले.) तिसऱ्या दिवशी तो नुसता बघायला म्हणून गॅरेजमध्ये गेला. चौथ्या दिवशी खुर्ची घेऊन गेला. पाचव्या दिवशी वही. नर बॉनेटवर बसून असा काही गायचा की शेजारच्या खिडक्या वाजत. बॉनेटखालून दणदणीत आवाज यावा ही थर्मनची इच्छा तशी पुरी झाली होती. पिल्ले निघाली तेव्हा त्याने तासाभरात एकोणीस खेपा मोजल्या. त्यातल्या अकरा कोळी, पाच अळ्या, तीन "ओळखू आले नाही". ही एवढीशी बाई श्वास तरी कधी घेते, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्याने त्यासाठी वेगळा रकाना आखला.

नेल्डाच्या छोट्या गाडीला ट्रेलर ओढवत नव्हता. तेव्हा तळ्याला जायचे ते रॉयसच्या पिकअपमधून, असे ठरले. नेल्डा पुढे बसली. मागे रॉयसचा कुत्रा आणि थर्मन. थर्मनच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचे मोठे भांडे आणि भांड्याच्या झाकणावर कुत्र्याची हनुवटी.

मिल क्रीकची चढण आली. गाडी सहज चढू लागली. मध्यावर रॉयसने सवयीने स्टीअरिंगवरची दोन बोटे उचलली आणि शेजारची लेन रिकामी पाहून परत ठेवली.

"छे," तो म्हणाला. "मजा नाही यंदा."

थर्मनला एकाएकी राहवेना. अकरा वर्षांचा प्रश्न त्याने कुत्र्याच्या कानावरून पुढे टाकला.

"रॉयस, खरं सांग. तुझा कुठला आहे? तेलाचा की कोरडा?"

"काय कुठला?"

"इनटेक."

"कारखान्यातून आला तोच आहे."

"काहीच बदललं नाहीस?"

"बदलतो की. दर वसंतात फिल्टर बदलतो, कागदाचा. बर्गरपेक्षा स्वस्त मिळतो. तू नाही बदलत?"

थर्मनने सॅलडचे भांडे घट्ट धरले. नेल्डा हळूहळू मागे वळली आणि तिने त्याच्याकडे जे पाहिले, ते तळे येईपर्यंत पुरले.

घरी परतल्यावर पाचव्या दिवशी पिल्ले उडाली. एकेक करून बॉनेटच्या फटीतून बाहेर आली, धडपडली आणि कुंपणापलीकडे गेली. थर्मनने वहीत पाचवी खूण केली, नाक शिंकरले आणि रिकाम्या घरट्यापाशी थोडा वेळ उभा राहिला. मग तो फळीकडे वळला. तो जुना काळा डबा त्याने खाली घेतला आणि गाडी विकत घेतल्यापासून पहिल्यांदा त्याचे झाकण उघडले.

फिल्टरचा अर्धा भाग नव्हता. उरलेल्या अर्ध्यावर ओकची फळे काठोकाठ भरली होती. पाऊण किलो सहज असतील. मधोमध कापसाच्या गादीवर एक उंदरीण बसली होती. तिच्या कुशीत बोटाच्या पेराएवढी सहा गुलाबी पिल्ले होती.

"अरे देवा!" नेल्डा त्याच्या खांद्यावरून वाकली. "बिचारी! म्हणजे हे खानदान अकरा वर्षं तुझ्याबरोबर रॉयसकडून हरतंय."

"उंदरांसाठी आहे का गं कायदा?" थर्मनने आशेने विचारले.

"नाही."

"अगदीच नाही?"

"अजिबात नाही. हवं तर आत्ता झाडून टाक, आणि बसव तुझं ते पार्सल."

उंदरिणीने मिशा हलवल्या. एक पिल्लू कुशीतून घरंगळले. तिने ते तोंडात धरून परत जागेवर ठेवले. थर्मनने घड्याळ पाहिले. त्याने झाकण अलगद, थोडी फट ठेवून लावले आणि पायाने खुर्ची जवळ ओढली.

संध्याकाळी रॉयसचा फोन आला.

"काय गं ताई, पाखरं उडाली म्हणे. मग? बसवला की नाही शेवटी?"

नेल्डाने खिडकीतून गॅरेजमध्ये डोकावून पाहिले.

"बसवलाय," ती म्हणाली. "खुर्चीवर. वही घेऊन. आता पंधरा दिवस हलत नाही."