रॅम्प बंद, समिती चालू

करंजाडे येथील सदिच्छा सोसायटीत राहणाऱ्या अनुया वर्तक यांच्या गाडीचा रॅम्प उघडत नाही, ही बाब सोसायटीने पहिल्या दिवसापासून अत्यंत गांभीर्याने घेतली, हे सचिव या नात्याने मी सुरुवातीलाच नमूद करतो. पुढे आमच्याबद्दल बरंच बोललं गेलं. ते ऐकताना एवढं लक्षात असू द्यावं.

अनुया व्हीलचेअर वापरते. गाडी तिने खास बनवून घेतलेली. बाजूचं दार सरकतं, आतून रॅम्प बाहेर येऊन जमिनीला टेकतो, त्यावरून ती खुर्चीसकट वर जाते आणि थेट स्टिअरिंगसमोर पोचते. ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं हाताने. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती कंटेनरची कागदपत्रं बघते. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. रोज स्वतः गाडी चालवत जायचं आणि कुणाला हाक न मारता उतरायचं, यासाठीच तिने एवढा खटाटोप केला होता. गाडीही तशी उत्तम. एसी गार, हॉर्न खणखणीत. फक्त रॅम्प मनात आलं तरच उघडायचा, आणि ती आत असताना त्याच्या मनात सहसा येत नसे.

पहिल्यांदा तो अडकला तेव्हा मी पार्किंगमध्येच होतो. माझा पुतण्या राजस जिममधून परतला होता. शिवाही होता. आमची इमारत उभी आहे ती जमीन मुळात शिवाची. आता खालचे गाळे त्याचे आहेत आणि संध्याकाळी तो पार्किंगमध्ये खुर्ची टाकून आपल्या जुन्या शेतावर बसतो.

"मी कंपनीला फोन लावते," अनुया खिडकीतून म्हणाली. "तुम्ही थांबू नका."

"ताई, तुमी गप बसा," शिवा म्हणाला. "आमी हाय ना!"

आम्ही तिला उचललं. आधी ती, मग खुर्ची. खुर्ची बॅटरीची, मरणाची जड. ती खाली येईपर्यंत अनुयाला शिवाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवलं. उचलताना सवयीने शिवाच्या तोंडून 'मोरया' निघून गेलं. कुणीतरी फोटो काढला. त्यात आम्ही तिघेही कॅमेऱ्याकडे बघतोय आणि अनुया रॅम्पकडे बघतेय. 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं लिहून मी तो ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत तो शिरढोणला पोचला, तिथून नागपूरच्या माझ्या मावसबहिणीकडून मलाच परत आला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अनुयाने कंपनीला फोन केला. पलीकडे समीक्षा नावाची अतिशय गोड आवाजाची मुलगी होती.

"मॅडम, आपण या क्षणी वाहनाच्या आत आहात की बाहेर?"

"बाहेर. घरी आहे."

"म्हणजे आपण बाहेर आलात. रॅम्पचा उद्देश सफल झाला. तक्रार निकाली काढू ना?"

"अहो, रॅम्पने नाही, मला माणसांनी बाहेर काढलं!"

"कंपनी त्यांची आभारी आहे, मॅडम."

खरं तर यात चुकीचं काय होतं? पण अनुया चिडली. रॅम्प पुन्हा अडकला, आम्ही पुन्हा उचललं, तक्रार पुन्हा निकाली निघाली. हे वरचेवर होऊ लागल्यावर कामात शिस्त यावी म्हणून आम्ही उचल समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. तांत्रिक सल्लागार राजस, कारण त्याला खांदे आहेत. सदस्यांना केशरी टी-शर्ट दिले. रॅम्प चालू राहिला त्या संध्याकाळी टी-शर्ट घालून आलेली माणसं हिरमुसून घरी जात, हेही प्रांजळपणे सांगायला हवं.

अडचण द्रोणागिरीला झाली. तिथे समिती नव्हती. हमालांनी काम टाकून अनुयाला उतरवलं, तेवढा वेळ कंटेनर खोळंबला. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण सोमवारपासून स्वतःच्या स्वतः उतरता येत असेल तरच या. नाहीतर कायम करणं कठीण आहे."

हे कळताच समितीने तातडीची सभा घेतली आणि एकमताने तोडगा काढला. समितीचे चार सदस्य रोज तिच्याबरोबर गाडीतून जातील. मग राजसने मुद्दा मांडला, आम्ही जाणारच आहोत तर ताईंनी गाडी चालवण्याचे कष्ट कशाला घ्यायचे? तो चालवेल, ताई मागे बसतील. मग आणखी एकाने विचारलं, मागे बसून तरी त्यांना एवढ्या लांब कशाला न्यायचं? कागदपत्रं आम्हीच घरी आणू. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. अनुयाची गाडी, अनुयाची नोकरी आणि अनुयाला घराबाहेर पडायची गरजच नाही! एवढी सोय कोणत्या सोसायटीने केली आहे?

शनिवारी दुपारी ती कामावरून आली. रॅम्प अडकलेलाच होता. आम्ही टी-शर्ट घालून पुढे झालो, तर तिने आतून दाराला कुलूप लावलं.

"आज कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी आतच बसणार."

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"रॅम्प उघडेपर्यंत."

बारा लोकांसमोर हे असं तोंडावर सांगायचं! शिवाचा चेहरा पडला. "आमचं काय चुकलं काय, ताई?" तो म्हणाला. "आमी पैसं मागतंव काय तुमच्याकरनं?" सदस्यांच्या भावना दुखावल्या होत्या. मी गाडीशेजारीच खुर्च्या मांडून निषेधाची सभा बोलावली.

माझी बायको कुमुद डबा घेऊन खाली आली. सभेकडे बघत तिने मला विचारलं, "तुम्हाला तिला बाहेर काढायचंय, की नुसतं उचलायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता अनुयाशेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिच्यासाठी कुलूप उघडलं गेलं, याची इतिवृत्तात नोंद आहे. उन्हात गाडी तापली होती. अनुया पाणी घोटभरच पीत होती. त्यामागचं कारण न विचारता समजण्याइतके आम्ही सुशिक्षित आहोत, आणि खरं सांगायचं तर त्या घोटापाशी मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. पण सभा चालू होती.

अनुयाने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आपण वाहनाच्या आत आहात की बाहेर?"

"आत."

समीक्षा गडबडली. हा पर्याय बहुधा प्रथमच निवडला गेला होता. "आपल्याला बाहेर काढण्यासाठी जवळपास कोणी उपलब्ध आहे का? असल्यास तक्रार तातडीची धरता येत नाही."

आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे होतो. अनुयाने आमच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही."

दिवेलागणीच्या आधी कंपनीचा हृतिक हजर झाला. त्याने मोटर बदलली, बटण दाबलं आणि रॅम्प एखाद्या शहाण्या मुलासारखा जमिनीला टेकला. अनुया उतरली. राजसचा हात सवयीने खुर्चीमागे गेला, तेव्हा ती "नको" म्हणाली आणि सरळ लिफ्टकडे गेली. सोमवारी ती द्रोणागिरीला एकटी गेली, एकटी उतरली. पुढच्या महिन्यात कायम झाली. आम्हाला पेढे दिले. आम्ही घेतले, पण टी-शर्टांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच.

कंपनीने मात्र कृतज्ञता दाखवली. कंपनीच्या नव्या जाहिरातीत आमचा तो उचलतानाचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'आता कुणावर अवलंबून राहू नका.'

अनुया रॅम्पवरून स्वतः उतरली त्याचाही व्हिडिओ मी काढला होता. तुम्हालाही पाठवला. त्यात काहीच घडत नाही, एक बाई गाडीतून उतरते आणि घरी जाते. तुम्ही तो अजून उघडलेला नाही. उचलतानाच्या फोटोखाली मात्र 'डोळ्यांत पाणी आलं' असं तुम्हीच लिहिलं होतं. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. टी-शर्ट कोणत्या मापाचा लागेल, तेवढं कळवा.