सूची न वाचल्याचे दोन गुण

भूगोलाच्या सरांनी रविवारी सकाळी सायकलच्या हँडलला मोबाइल अडकवला, तेव्हा त्यांच्या बायकोने गॅलरीतून एवढंच विचारलं, "रस्ता कुणाला विचारून ठेवलात का?"

"विचारायचं कशाला? अ‍ॅप आहे. शिवाय मी भूगोल शिकवतो."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचंही चूक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरांनी शाळेची सहल धरणावर नेली होती. निदान सरांच्या मते ते धरण होतं. मुलांनी जिथे डबे खाल्ले, ते सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र निघालं आणि सातवीतल्या एका मुलीने निबंधात 'धरणाला फार वास येतो' असं लिहून सरांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवला. तेव्हापासून सहल पीटीच्या सरांकडे गेली. यंदा सायकल सहल होती आणि ती कोणाकडे द्यायची, हे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तळ्यापर्यंतच्या आजच्या चाचणी फेरीवरून ठरवणार होत्या. सरांना सहल परत हवी होती, अगदी मनापासून हवी होती. स्टाफरूममध्ये कुणी 'धरण' म्हटलं की ते अजून मान खाली घालून चहाच्या कपात बघत बसायचे.

फेरीला पाच जण होते. सर, मोठ्या बाई, पीटीचे सर, शास्त्राच्या बाई आणि ग्रंथपाल. सरांनी सगळ्यांना तेच अ‍ॅप घ्यायला लावलं होतं आणि तळ्यापर्यंतचा मार्ग स्वतः आखून आदल्या दिवशीच पाठवला होता.

"मी एरवी हमरस्त्याने जातो. अकरा किलोमीटर पडतं," पीटीचे सर म्हणाले.

"आपलं सातच आहे," सर म्हणाले. ते 'सात' त्यांनी दोनदा म्हटलं.

पहिली गल्ली अरुंद निघाली. "रहदारी टाळतंय," सरांनी खुलासा केला. दुसऱ्या गल्लीत वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून जावं लागलं. "सावली आहे," सर म्हणाले. पुढे बागेच्या फिरत्या फाटकावरून सायकली उचलून पलीकडे द्याव्या लागल्या, तेव्हा मात्र ते मोबाइलची काच पुसू लागले. तिथे माळी झाडांना पाणी घालत होता. त्याला विचारावं, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण 'ज्याला नकाशा वाचता येतो, त्याला रस्ता विचारावा लागत नाही' हे वाक्य ते दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना लिहून देत, आणि पीटीचे सर नेमके मागे उभे होते.

मग पायऱ्या आल्या. टेकडीच्या उभ्या अंगाला, एकशे बारा.

"सरळ पुढे चला," अ‍ॅपमधली बाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग सरांकडे. "ही तुमची बाई कधी सायकलवर बसलीये का हो?"

"जवळचा रस्ता आहे, बाई."

"दिसतंय. वर जायला तर फारच जवळचा."

सायकली खांद्यावर घेऊन सगळे चढू लागले. पीटीचे सर स्वतःची आणि मोठ्या बाईंची, अशा दोन सायकली घेऊन शीळ घालत चढत होते. सरांना पायऱ्यांपेक्षा ती शीळ जास्त लागली.

साठाव्या पायरीवर मोठ्या बाई बसल्या. त्यांनी सरांचा मोबाइल मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"सर, हे कोपऱ्यात चित्र कसलं?"

"कुठलं?"

"हा माणूस. चालतोय तो."

सरांनी पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ते अ‍ॅप एरवी संध्याकाळी फिरायला जाताना वापरत. अ‍ॅप बिचारं समजत होतं की आजही स्वारी पायीच निघाली आहे. चालणाऱ्या माणसाशेजारी इवलीशी सायकल होती. तिला सरांनी आजवर बोट लावलं नव्हतं.

"नकाशाची सूची न वाचता उत्तर लिहिलं, तर नववीच्या पोरांचे किती गुण कापता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"कापा."

तळं आलं तेव्हा पावणेदहा वाजले होते. पाचही मोबाइल एकदम वाजले. 'अभिनंदन! हा मार्ग कसा पार केलात?'

"खरं असेल तेच लिहा," बाई म्हणाल्या. पाचही जणांनी प्रामाणिकपणे 'सायकलने' दाबलं.

सहल पीटीच्या सरांना मिळाली. सरांनी त्यांचं अभिनंदन केलं, हात हातात घेऊन केलं, आणि घरी येऊन जेवलेच नाहीत.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ते एकटेच त्या पायऱ्यांवर गेले, पायी. पायी तो रस्ता खरोखर सुंदर होता. आपण अगदीच वाया गेलेलो नाही, असं त्यांना वाटू लागलं, तेवढ्यात खालून धापा टाकण्याचा आवाज आला. एक नवरा, एक बायको आणि दोन सायकली वर येत होत्या. सायकली अर्थातच खांद्यावर होत्या.

"अहो काका," नवरा कठड्याला टेकून म्हणाला, "हाच का तो सायकलवाल्यांचा पसंतीचा मार्ग? अ‍ॅप म्हणतंय, पाच जण येऊन गेलेत इथून."

"कुठल्या गाढवाने आखलाय कुणास ठाऊक!" बायको म्हणाली.

सर खाली उतरले. त्यांनी तिची सायकल घेऊन खांद्यावर टाकली आणि उरलेल्या बावन्न पायऱ्या चढून वर नेऊन ठेवली.

"भला माणूस आहात," ती विरघळून म्हणाली. "या वयात एवढा दम! करता काय तुम्ही?"

सरांनी श्वास सावरला.

"शाळेत आहे," ते म्हणाले. "पीटी शिकवतो."