दहातोंडे सरांची बिनतड्याची वीट

शेजारच्या काकू म्हणाल्या, नातवाला ताप आलाय. दहातोंडे सरांनी विचारलं, "किती दाबाला?"

हा माणूस नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आडनाव दहातोंडे, पण बोलायचा विषय एकच: मॅग्नेशियम ऑक्साइड. त्या पांढऱ्या भुकटीचा स्फटिक कॉम्प्युटरमध्ये मांडायचा, तापवायचा, दाबायचा आणि किती फुगला, किती आकसला ते काढायचं. दाब पृथ्वीच्या पोटातला. तिथं कोण राहतं, असं मी दोनदा विचारलं. उत्तर आलं, "किती दाब, किती तापमान, ती अट आधी सांग, मग बोलू."

मी कामगार संघटनेची पत्रकं काढतो. एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीच्या आतल्या विटा झिजल्यात, आणि मालक म्हणतो अजून वर्षभर जातील. विटा याच ऑक्साइडच्या. रोज चौदा माणसं त्या भट्टीपुढे उभी राहतात. कारखाना निरीक्षकांपुढे सुनावणी होती, म्हणून सरांकडे दोन ओळींचं पत्र मागितलं. त्यांनी माझंच पत्रक तपासायला घेतलं. 'मालकावर दाब वाढवा' याखाली लाल पेनानं लिहिलं: एकक?

मी डोकं धरलं. म्हटलं, सर, वीट फुटेल एवढंच लिहा.

"नाही लिहिणार. माझ्या कॉम्प्युटरातल्या स्फटिकाला तडाच नसतो."

चौदा जीव टांगणीला, आणि हे बिनतड्याची वीट कुरवाळत बसलेत! मी त्यांना भित्रे म्हणालो, मालकाचा माणूस म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले.

सुनावणीत मालकाच्या वकिलानं नेमका सरांचाच छापील लेख काढला. हा पदार्थ याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतो, असं त्यात होतं. मी माझे कागद चाळू लागलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून सर उठले. ते आलेत हेही मला ठाऊक नव्हतं.

"साहेब, लेख माझा आहे. विटेसाठी वापरू नका. मी एकदा वापरलाय. माझा धाकटा भाऊ भट्टीवर होता. विटेवर हातोडी मारून आला आणि म्हणाला, दादा, बद्द वाजतीय. मी त्याला आलेख दाखवला. म्हटलं, टिकेल. तो गेला कामावर, आणि वीट फुटली. आता त्याला दिसत नाही. ताटात भाजी कुठं, भाकरी कुठं, हे रोज मी सांगतो."

साहेबांनी विचारलं, या भट्टीच्या विटा कुणी वाजवून पाहिल्यात का?

दारातून आमचा म्हातारा कामगार पुढं आला. "म्या पाह्यल्यात साहेब. तडकल्याल्या मडक्यावानी वाजत्यात."

तपासणी होईपर्यंत भट्टी बंद, असं साहेबांनी लिहायला घेतलं. सरांनी सरकून म्हाताऱ्याला बाकावर जागा करून दिली.

"आवाज कसा आला, बाबा? परत सांगा."

म्हातारा परत सांगू लागला. सर मान खाली घालून ऐकत होते.