डाव्या बाजूचा दिवा

अप्पिया-कुबी मास्तरांच्या गाडीचा डावा दिवा गेला तो नेमका शनिवारी. शनिवारी माम्पोंग गावातला एकूण एक गॅरेजवाला काळे कपडे घालून कुणा ना कुणाच्या मयताला गेलेला असतो. आणि संध्याकाळी तर एफिदुआसेच्या चर्चमध्ये सुगीचं गाणं होतं. गायकमंडळाचे म्होरके मास्तर, गाडीही मास्तरांचीच. पोचेपर्यंत अंधार पडणार, आणि वाटेतल्या चौकीवरचे पोलीस एकडोळ्या गाडीला पुढे सोडत नाहीत.

"एक बल्ब तर बदलायचाय," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं पोरं सुधारली, दिवा नाही सुधारणार?"

बॉनेट उघडलं. दिव्यामागे, बॅटरी आणि पत्रा यांच्यात, जेमतेम मनगटाएवढी फट होती. तीही अशी तिरकी, की डावा हात अलगद आत वळावा आणि उजव्याने मात्र कोपर कुठे ठेवायचं तेच कळू नये.

"पापा, डावा घालून बघा," पायरीवर कसाव्याचे कंद सोलत बसलेली सून एसेनाम म्हणाली.

"चांगल्या कामाला डावा हात लावत नाहीत."

एसेनाम पुन्हा कसावा सोलू लागली. ती जन्माची डावखुरी. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, त्याच दिवशी तिने सासऱ्यांना डाव्या हाताने पाणी दिलं, आणि तेव्हापासून मास्तरांनी तिचा उजवा हात शिकवायला घेतला होता. हल्ली ती उजव्या हाताने सूप वाढायची. निम्मं ताटलीत, निम्मं मेजावर. मास्तर मेजाकडे बघून म्हणायचे, "प्रगती आहे."

मास्तरांनी उजवा हात आत खुपसला. क्लिप सुटली, जुना बल्ब निघाला. हात काही निघेना.

तेवढ्यात गायकमंडळातल्या तिघी नटूनथटून हजर झाल्या. पुढे होती पोकुआ मावशी. तिचा आवाज चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जातो, इथे तर अंगणच होतं.

"मास्तर, गाडीशी हस्तांदोलन चाललंय होय? साडेचार वाजले."

"हात अडकलाय."

"कुठला?"

"उजवा."

"अरेरे. सज्जन हात अडकला."

तिघींनी मास्तरांच्या कमरेला धरून तालात ओढलं. मास्तर ओरडले, तेही सुरात. शेवटी एसेनामने शियाच्या बियांचं लोणी आणून मनगटावर थापलं, तेव्हा कुठे हात सुटला. सुटला, पण सुजून असा टम्म झाला होता की त्यात चमचा धरवेना.

"संपलं. बसा आता घरीच गात," म्हणत पोकुआ मावशी पायरीवर बसली.

मास्तर कुणाकडेच न बघता म्हणाले, "एसेनाम, मघाशी तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही पापा. कसावा सोलत होते."

"डाव्या हाताने सोलत होतीस. पाहिलंय मी."

एसेनाम उठली. हात स्वच्छ धुतले, पुसले. कुणाला काही डाव्या हाताने द्यायची वेळ आली की वळणाचं माणूस जे म्हणतं, ते तिने गाडीपुढे किंचित वाकून म्हटलं, "माफ कर हं, डावा आहे." मग काचेला बोट न लावता नवा बल्ब आत बसवला, क्लिप लावली. दोन मिनिटं लागली असतील. दिवा लखकन लागला.

"बरा बसलाय," मास्तर म्हणाले.

गाडी एसेनामनेच चालवली. उजव्या हाताला ओलं कापड गुंडाळून मास्तर शेजारी बसले.

"आज ताल कुठल्या हाताने देणार?" मागून पोकुआ मावशीने विचारलं. मास्तरांना ऐकू आलं नसावं.

चौकीवर हवालदार बोआडू मास्तरांच्या खिडकीशी वाकला. मास्तरांचा जुना विद्यार्थी.

"नमस्कार मास्तर. गाडीचे कागद दाखवा."

मास्तरांनी कागद पुढे केले. त्याच हाताने, जो चालत होता. बोआडू कागदांकडे बघत राहिला. घेईना.

"मास्तर, असं देतात होय?"

मागच्या तिघी पुढे वाकून बघू लागल्या. एसेनाम समोरच्या रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "आधी काय म्हणायचं असतं, पापा?"

मास्तर खाकरले. "माफ कर. डावा आहे."

"आत्ता कसं," बोआडू म्हणाला आणि त्याने कागद घेतले.

डाव्या हाताने घेतले. माफीबिफी न मागता. हाच तो हात, ज्याच्यावर मास्तरांनी तिसरी-चौथीत अख्खी दोन वर्षं आणि तीन छड्या खर्ची घातल्या होत्या. मास्तरांनी तो नीट पाहिला. मग मान वळवली, आणि रस्त्यावर दोन्ही दिव्यांचा उजेड कसा अगदी सारखा पडलाय, ते निरखत बसले.