मागून रस्ता सांगणारे गफूरचाचा

अन्याय मैनेवर झाला. मैना म्हणजे आमच्या कळंबातली तरणी पांढरी घोडी. आणि तो झाला यंदाच्या अक्षय तृतीयेला, दिवेलागणीला, भर वरातीत, सगळ्यांचे मोबाइल वर उचललेले असताना. त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

पण आधी गफूरचाचा. त्यांच्याशिवाय मैना कळायची नाही.

चाचा तरुण घोड्यांना शिकवतात. लगामाला दोन लांब दोऱ्या बांधून घोडीच्या बरेच मागे पायी चालतात. मध्ये टांगा नाही, काही नाही. आणि सारा वेळ बोलतात. "डाव्या हाताले पिठाची चक्की हाय, बेटा. उजवीकडं मास्तरचा कुत्रा. भुंकते, पण उठत नाही. समोर नाली हाय, धीरे." स्टँडवरचे ऑटोवाले रोज विचारायचे, चाचा, टांगा चोरीले गेला काय? चाचा शांतपणे सांगायचे, टांगा घरी आहे, दोघांची अजून ओळख व्हायची आहे.

मी प्राण्यांच्या छळाविरुद्ध पत्रकं वाटते. एक त्यांच्याही हातात कोंबलं होतं. त्यांनी परत केलं. "मले कायले? तिले वाचून दाखव. तिचा विषय हाय." मीही हट्टी. भर रस्त्यात घोडीला अख्खं पत्रक वाचून दाखवलं. शेवटचा भाग तिला जरा लांब वाटला, असं चाचांनी नंतर कळवलं.

मैनेची मान फार सुरेख यायला लागली होती. दोऱ्या सैल, कान चाचांच्या आवाजाकडे वळलेले, आणि मान आपसूक कमानीसारखी उचललेली. पण तिचा मालक लग्नात घोड्या भाड्यानं देतो. त्याला सीझनच्या आधी तयार घोडी हवी होती. वरातीच्या दिवशी त्यानं लगाम मागे ओढून खोगिराला आवळून बांधला. फोटोत मान ताठ दिसते ना! चाचा एवढंच म्हणाले, "मान अशी बांधशीन त पायाखालचं कसं दिसन तिले?"

मालक हसला. म्हणाला, तुम्ही आहात ना सांगाले.

चाचा होतेच, मागे. जीव तोडून सांगत होते. पण डीजे लागला होता. नाली मैनेला दिसली नाही, आणि ऐकूही आली नाही. पाय आत गेला, ती कोसळली. नवरदेवाला खरचटलं, त्याला लगेच गाडीतून दवाखान्यात नेलं. मैनेचा पुढचा गुडघा फुटला. तिला उठवायला चाचा एकटे होते. आता ती जन्मभर लंगडणार.

परवा तबेल्यात मी तावातावानं तक्रारीचं बोलत होते. बोलता बोलता विचारलं, सगळे पुढून धरून चालवतात, तुम्ही मागून का?

चाचा तिच्या गुडघ्याला तेल लावत होते.

"तुह्या चाचीचे डोळे गेलते. हात धरला का खाली मान घालून चालायची, चोरावानी. मंग मी मांगं राह्यलो, नुसता सांगत राह्यलो. बजारातून अशी मान वर करून जायची, पोरी, कोणाले समजतच नव्हतं."

मग ते उठून मैनेच्या मागे, भिंतीशी जाऊन उभे राहिले. मैना कुठेच जात नव्हती. तरी चाचा तिला हळू आवाजात पिठाची चक्की सांगू लागले.

तुमच्या घरी लग्न निघालं की नवरदेवाआधी घोडीकडे बघा. मान बांधलेली दिसली तर ती गाठ तुम्ही स्वतः सोडा. आणि डीजे बंद करा. मागून कोणी तिला रस्ता सांगत असेल, तर तो तिला ऐकू जाऊ द्या.